सुरी न लावलेली वडी

हाकरी, २४ ऑक्टोबर १९७८

चि. ओकजिन,

नीट पोचलीस ना? बसमध्ये खिडकीपाशी बसू नकोस असं सांगायचं राहून गेलं. त्या बसच्या फटींतून वारा येतो आणि लहान जिवाच्या कानात बसतो.

लिहीन लिहीन म्हणता पाच दिवस गेले. कालवांचा हंगाम सुरू झालाय. सकाळपासून शेडमध्ये उभं राहून शिंपले फोडायचे, घरी आलं की बोटं मिटत नाहीत. हे कारण खरं आहे. पुरतं खरं नाही, पण आहे.

टर्मिनलवर जे झालं ते झालं. ते उगाळत बसू नकोस. 'गुरुवारी येतेय' असं तुझं पत्र आल्यावर मी कोसंगला येऊन तुला वाटेतच गाठलं, गावच्या बसमध्ये चढू दिलं नाही, याचा तुला राग आला असेल. पण जरा विचार कर. नोव्हेंबरच्या शेवटी चर्चच्या मंडळीत वडीलपदाची निवड आहे आणि या खेपेला पहिल्यांदाच तुझ्या अप्पांचं नाव पुढे आलंय. इतकी वर्षं त्या माणसाने देवळाचं छप्पर शाकारलं, होडीतली पहिली मासळी पाळकसाहेबांच्या घरी नेऊन दिली, कधी तोंडाने काही मागितलं नाही. निवडून यायला तिघांतल्या दोघांनी हो म्हणावं लागतं, आणि आपल्या मंडळीत तिघांतले दोघं पांगबाईचं ऐकून हो-नाही म्हणतात. अशा वेळी तू पाठीवर बाळ बांधून गावात उतरली असतीस तर काय झालं असतं ते तूच सांग.

तू तेगूला नर्सिंग शिकतेस असं मी सगळ्यांना सांगितलंय. बायकांच्या प्रार्थनासभेत त्याबद्दल देवाचे आभारही मानले. सगळ्या 'आमेन' म्हणाल्या. आता ते मागे कसं घेणार?

तू नूडल्सच्या टपरीत मला विचारलंस, "आई, आम्ही दोघी घरी येऊ का?" मी उत्तर दिलं नव्हतं. हे उत्तर समज. तू राहतेस त्या मुलींच्या घरातल्या मोठ्या बाई म्हणतात तसं कर. नोव्हेंबरअखेरीला दत्तक द्यायच्या कागदावर सही करायची म्हणालीस. त्यांनी अशा कितीतरी मुली पाहिल्यात, त्यांना कळतं. परदेशात चांगलं घर मिळेल, मोटारीतून शाळेत जाईल. वसंतात तू मोकळी होऊन घरी ये, मी तुझ्या आवडीची खेकड्याची आमटी करीन.

सोबत सुकं समुद्रशेवाळ पाठवतेय. आपल्या खडकावरचंच आहे. सूप करून पी, दूध भरपूर येतं. दुधाचं आता काय करायचं ते मला सुचत नाही, तरी पी.

मी रोज पहाटे तुझ्यासाठी प्रार्थना करते.

तुझी आई


हाकरी, ३ नोव्हेंबर

ओकजिन,

उत्तर नाही. शेवाळाचं पार्सल पोचलं की नाही तेही नाही. गावप्रमुखांच्या घरी फोन आहे, पण तिथे रिसीव्हर उचलला की त्यांची बायको, सून आणि सासू तिघी भाजी निवडायला शेजारीच येऊन बसतात. तेव्हा पत्रच बरं.

काल शेडमध्ये पांगबाई माझ्यासमोर उभी होती. तिचं तोंड आणि तिची सुरी एका वेगाने चालतात हे तुला माहीत आहे. तिचा मुलगा पुसानला बँकेत लागला हे ऐकून झालं, त्याच्या खोलीत किती खिडक्या आहेत तेही ऐकून झालं. मग एकदम मान वर न करता म्हणाली, "त्या टर्मिनलवरच्या पोरीला मिळाली का गं बस?"

मी म्हटलं, "मिळाली असेल."

हाताखालचा शिंपला सटकला आणि सुरी अंगठ्यात गेली. मोजा होता म्हणून वाचले. मालसुन बाजूलाच शिंपले फोडत होती, तिने पाण्याची बादली पुढे सरकवली.

पहिल्या पत्रात मला वाटलं होतं की तो भाग टाळता येईल. 'जे झालं ते झालं' असं लिहिलं की ते खरंच होऊन जातं, मागे उरत नाही. पण रोज उरतं. तेव्हा लिहिते. तू तिथेच होतीस, तुला सांगायची गरज नाही; पण मी काय केलं ते मी माझ्या हाताने कधी लिहिलेलं नाही.

तू बाळ सोडवून माझ्यासमोर धरलंस. म्हणालीस, घे ना. माझ्या एका हातात मिठाची पिशवी होती, दुसऱ्यात कोबीची. मी पिशव्या खाली ठेवल्या नाहीत. जमीन ओली आहे, मीठ भिजेल, असं काहीतरी म्हणाले. तू थोडा वेळ तशीच धरून उभी राहिलीस आणि मग पुन्हा पाठीवर बांधलंस. डोक्याला रुमाल घट्ट केलास, कारण मी तसं सांगितलं होतं. तेवढ्यात टपरीचा पडदा सरला आणि पांगबाई आत आली. किमचीची कोबी घ्यायला ती नेमकी त्याच दिवशी कोसंगला येणार हे मला काय माहीत?

तुझी पाठ तिच्याकडे होती. तिने विचारलं, "ही कोण गं?"

आणि मी म्हणाले, "कुणास ठाऊक. मी ओळखत नाही. तेगूच्या बसचं विचारत होती."

तू वळली नाहीस. माझ्याकडे पाहिलंस, आणि कंबरेत वाकून मला नमस्कार केलास. परक्या बाईला करतात तसा. "आभारी आहे, मावशी," म्हणालीस. तेगूकडच्या बोलीत म्हणालीस, म्हणजे तिला आवाज कळू नये. आणि गेलीस. मला वाचवायला तू तेवढंही केलंस.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी कुठला उतारा वाचला ते मी लिहीत नाही. शेकोटीपाशी उभं राहून आपल्या प्रभूला 'ओळखत नाही' म्हणणाऱ्या त्या माणसाचा. तुला कळेल. मी पूर्ण वेळ पायांतल्या मोज्यांकडे बघत बसले. 

प्रार्थना करते म्हणून लिहिलं होतं. करते. पण काय मागते ते सांगितलं नव्हतं. कोणाला कळू देऊ नकोस, एवढंच मागते.

तुझी आई


हाकरी, ९ नोव्हेंबर

ओकजिन,

अप्पांना कळलं.

तू त्यांच्यासाठी विणून आणलेले लोकरीचे मोजे मी त्यांना 'बाजारातून आणले' म्हणून दिले. इतके चांगले मोजे लपवून ठेवायचं जिवावर आलं होतं, आणि होडीवर त्यांचे पाय गारठतात. ते दोन दिवस घालून हिंडले. तिसऱ्या दिवशी जाळं शिवता शिवता टाच उलटी करून बघत बसले. तुझ्या आजीने तुला टाच वळवायला शिकवलेली, ती जरा तिरकी. बाजारात तशी मिळत नाही, म्हणाले. मग विचारलं, "कधी आली होती?"

मी सगळं सांगितलं. बाळाचंही. त्यांना तेही माहीत नव्हतं, ओकजिन. मी त्यांनाही नर्सिंगचंच सांगितलं होतं. तुझी सगळी पत्रं मी आधी वाचून चुलीत घालत होते.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडले असते. माझ्याजवळ कारणं तयार होती, त्यांच्यासाठीच केलं, त्यांच्या निवडीसाठी केलं. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "ओकजिनच्या आई, तू देवाला भीत नाहीस. तू पांगबाईला भितेस."

मला इतका राग आला की मी भांडी घासायला निघून गेले. पहाटेची प्रार्थना मी एकदाही चुकवली नाही. बर्फ पडला तरी नाही, ताप असला तरी नाही. आणि हा माणूस, जो प्रवचनात डुलक्या काढतो, तो मला सांगणार?

दुसऱ्या दिवशी पहाटे देवळात नेहमीच्या जागी बसले. सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागले, मीही तोंड उघडलं, आणि नेहमीचे शब्द आले: कोणाला कळू देऊ नकोस. तेव्हा माझं मलाच ऐकू आलं. ज्याला मी हे सांगत होते त्याला सगळं माहीत होतं. टपरीत तोही होता. त्याने ते ऐकलं याची मला लाज वाटली नव्हती. पांगबाईला कळेल याची वाटत होती. त्याला मी आमच्या दारावर राखणदार म्हणून बसवला होता, लोकांना आत येऊ देऊ नकोस म्हणून. 

हे समजलं म्हणजे मी सुधारले असं मानू नकोस. समजलं, आणि घरी येऊन पांगबाई दारात दिसली तेव्हा हसून तिला चहा विचारला.

अप्पा म्हणाले, तिला लिही, घरी ये म्हणावं. मी म्हटलं, निवड होऊन जाऊ दे. ते म्हणाले, निवडीच्या आठवड्यातच ती सही करणार ना? मी ताटं उचलायला लागले. त्यानंतर ते माझ्याशी जेवणापुरतंच बोलतात.

आई


हाकरी, १५ नोव्हेंबर

ओकजिन,

आज तिचा शंभरावा दिवस. तुला माहीत असेलच. मीही दिवस धरून होते, कुणाला न सांगता.

तुझ्या शंभराव्या दिवशी आजीने चाळणीभर तांदळाची पांढरी वडी वाफवून सगळ्या गावात वाटली होती. शंभर घरी गेली की मूल शंभर वर्षं जगतं म्हणून. गाव तेवढं मोठं नव्हतं तर काही घरी दोनदा नेऊन दिली. आणि सुरी लावू दिली नव्हती. आयुष्य कापलं जातं म्हणे. उलथन्यानेच मोडायची. पाळकसाहेब या समजुतींना हसतात. मीही हसते.

पण काल गिरणीवर जाऊन मी तांदूळ दळून आणला. रविवारी पिकाच्या आभाराची उपासना आहे, तेव्हा सगळेच काही ना काही वाफवतात. गिरणीवालीने विचारलं, लाल चवळीचा थर घालणार ना? मी नको म्हटलं. पांढरीच. ती म्हणाली, "आभाराला पांढरी?" मी म्हटलं, यंदा चवळी महाग आहे.

आज ती शेडमध्ये नेली. आभाराची आहे, आधीच वाटते, म्हणून सांगितलं. पिशवीत सुरी घेतली होती, मुद्दाम घेतली होती, सगळ्यांदेखत कापायची म्हणजे कुणाला शंका नको. वडीवरचं फडकं काढलं, वाफ आली, सुरी हातात धरली. आणि मला ती टेकवता येईना. काही केल्या येईना, ओकजिन. मी वाकून उलथनं शोधलं आणि मोडून मोडून ताटल्यांत घातली.

इतक्या बायका आणि कोणी काही बोललं नाही म्हणजे तुला कल्पना येईल. पांगबाईने आपली ताटली घेतली, माझ्या हातातल्या उलथन्याकडे पाहिलं, पिशवीतून डोकावणाऱ्या सुरीकडे पाहिलं. म्हणाली, "सुरी आणून लावली नाहीस होय?"

मी म्हटलं, "बोथट आहे."

कालवं फोडणाऱ्या बाईची सुरी बोथट. यापेक्षा वाईट थाप मी आयुष्यात मारली नसेल.

तुला तिथे कोणी वडी केली का?

आई


हाकरी, १९ नोव्हेंबर, रविवार

ओकजिन,

आधी हे: सही करू नकोस. बाकीचं नंतर वाच. सही करू नकोस, दोघी घरी या.

आता सांगते. शुक्रवारी मालसुनने ताटली परत आणली. धुतलेली नव्हती. शंभराव्या दिवसाची ताटली धुऊन द्यायची नसते ना. तिच्यात कोऱ्या पांढऱ्या दोऱ्याची एक लड होती. माझ्या हातात देऊन तिने एवढंच म्हटलं, "उदंड आयुष्य लाभो तिला," आणि गेली. मालसुन मंडळीत येत नाही, तिला कोणाच्या मताशी घेणंदेणं नाही. मी ते मनाला समजावते तोवर दुसरी ताटली आली. तीही न धुतलेली. मग आणखी. कोणात दोरा, कोणात मूठभर तांदूळ. सगळ्यांच्या आल्या नाहीत. दोन-तीन घासून पुसून रिकाम्या आल्या, त्यांनीही काय म्हणायचं ते म्हटलंच. पांगबाईची आलीच नाही.

म्हणजे माहीत होतं त्यांना. किती दिवसांपासून कोण जाणे. जे झाकायला मी तुला बसमध्ये घातलं ते झाकलेलं नव्हतंच. मी एकटीच डोळे मिटून उभी होते.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण दोरे आले म्हणून मी आता तुला बोलावलं तर तेही लोकांनाच बघून झालं. त्यांनी तोंड वाकडं केलं म्हणून घालवलं, त्यांनी दोरा दिला म्हणून बोलावलं. यात तू कुठे, आणि देव कुठे?

आज आभाराच्या उपासनेत एकेकाने उठून सांगायचं होतं. माझी पाळी आली. 'ओकजिनच्या शिक्षणाबद्दल' असं सांगायचं मी आठवडाभर घोकलं होतं. पांगबाई पुढच्या बाकावर मागे वळून बसली होती. मी उठले. पुढचं बाक धरलं.

मी म्हणाले, "मला नात झाली आहे. ओकजिनचं लग्न झालेलं नाही. ती नर्सिंग शिकत नाही, ते मी रचलं. गेल्या महिन्यात ती बाळ घेऊन माझ्या दारी येत होती, मी वाटेतच अडवलं आणि चारचौघांत म्हणाले की मी हिला ओळखत नाही. ती सुखरूप आहे, बाळ सुखरूप आहे, त्याचे आभार मानते. माझे मानावेत असं काही नाही."

कोणी 'आमेन' म्हटलं नाही. तुझे अप्पा पुरुषांच्या बाजूने उठले, मधली वाट ओलांडून बायकांच्या बाजूला आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले. आपल्या देवळात असं कधी झालेलं नाही. त्यांच्या पायांत तेच मोजे होते.

पाळकसाहेबांनी बायबल मिटलं. मग अगदी हळू म्हणाले, "आपण तिच्यासाठी प्रार्थना करू. बाळाचं नाव काय?"

ओकजिन, मला माहीत नव्हतं.

तुझ्या पत्रात 'मुलगी झाली' एवढंच होतं. टपरीत मी विचारलं नाही. बस, कोबी, निवड, पांगबाई, सगळं बोलले आणि तिचं नाव विचारलं नाही. सगळी मंडळी वाट बघत होती आणि मी तोंड उघडून उभी होते. लोकांना कळेल म्हणून इतकी भ्यायले, आणि कळायची वेळ आली तेव्हा सांगायला माझ्याजवळ काही नव्हतं. शेवटी पाळकसाहेबांनी 'या लेकरासाठी' म्हणून प्रार्थना केली.

नाव सांग. घरी यायचं की नाही ते तू ठरव, पण नाव सांग.

आई


हाकरी, २४ नोव्हेंबर

ओकजिन,

मंगळवारी मी तेगूला आले होते. हे तुला माहीत आहे.

तुमच्या त्या घराच्या फाटकाशी बसले. मोठ्या बाई आत जाऊन आल्या. भल्या आहेत, माझ्याकडे बघून बोलायला त्यांना जड जात होतं. म्हणाल्या, "ओकजिन म्हणतेय, अशा कोणाला ती ओळखत नाही."

मी म्हटलं, बरोबर आहे.

तुझ्यावर रागावले नाही. असं समज की मला दुसऱ्या बाजूने ते वाक्य कसं लागतं ते कळायला हवं होतं. दुपारपर्यंत बसले. वरच्या खिडकीत दोरीवर लंगोट वाळत होते, त्यांतले तिचे कुठले ते मला कसं कळणार? बाई बाळाचं नाव सांगायला तयार होत्या. मी नको म्हटलं. ते तुझ्याकडूनच ऐकायचंय. दोऱ्याच्या लडी त्यांच्याजवळ ठेवून आलेय. सगळ्या. एकही ठेवून घेतली नाही.

परतताना बसमध्ये बऱ्याच दिवसांनी नीट प्रार्थना केली. काही मागितलं नाही म्हटलं तरी चालेल. एवढंच म्हटलं की आता माझ्याकडून जे व्हायचं ते झालं, पुढचं, देवा, तुझ्या हाती, आणि जे होईल ते मी झाकणार नाही. त्याने काही उत्तर दिलं नाही. पण कोसंगला उतरेपर्यंत मला झोप लागली, आणि ऑक्टोबरपासून तशी लागली नव्हती.

आई


हाकरी, २७ नोव्हेंबर

ओकजिन,

काल निवड झाली. अप्पा पडले. थोडक्यात नाही, चांगले पडले. आधी ज्यांनी होय म्हणू असं सांगितलं होतं त्यांतल्या निम्म्यांनी बाहेर आल्यावर त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

मला रडू आलं. खोटं कशाला बोलू, आलंच. इतकी वर्षं छप्पर शाकारलं त्या माणसाने. घरी येताना मी म्हटलं, माझ्यामुळे. ते म्हणाले, "छपराला ते माहीत नाही. गळेल तेव्हा मीच शाकारीन."

आज सकाळपासून ते धाकट्या खोलीत आहेत. जमिनीचा जुना कागद खरवडून काढलाय, नवीन डकवताहेत. वर तेलाचा हात देणार. जमिनीखालून चुलीची ऊब नीट येते का ते बघायला दर थोड्या वेळाने गाल टेकवून पडतात. तू येणार नाहीस असं मी दोनदा म्हटलं. ते म्हणाले, "जमीन तरी होऊ दे."

महिना संपायला तीन दिवस आहेत. मी दिवस धरणं सोडायचा प्रयत्न करतेय.

आई


कोसंग बस टर्मिनल, २ डिसेंबर

ओकजिन,

तुझं पत्र काल आलं. दोन ओळी. 'नाव सोही. शनिवारी दुपारच्या बसने.' वर 'आई' लिहिलेलं नाही. ती जागा मोकळी आहे. मी ती पाहिली. भरायची घाई करू नकोस.

सोही. अप्पांनी होडीवर जायच्या आधी तीनदा म्हणून पाहिलं. मग निघाल्यावर घरात परत आले, काहीतरी विसरल्यासारखे, आणि पुन्हा म्हणून गेले.

तू नाव पाठवलंस म्हणजे सही केली नाहीस, असं मी मानतेय. मला खात्री नाही. शेवटच्या क्षणी तू एकटीच उतरलीस तरी मी इथेच असेन, आणि 'का' म्हणून विचारणार नाही. तो प्रश्न विचारायचा हक्क मी याच जागी गमावला. टपरीचा पडदा इथून दिसतो. तिथे आत बसणार होते, मग उठून या बाकावर आले, सगळ्यांना दिसेन अशी. बस लवकर आली तर हे तुझ्या हातात देईन, नाही आली तर तिकीट लावून पाठवीन.

मघाशी पांगबाई आली. किमचीसाठी शेवटची कोबी घ्यायला. मला बघून थांबली, हातातलं ओझं सावरलं आणि विचारलं, "कोणाची वाट बघतेस?"

मी म्हटलं, "माझ्या मुलीची. आणि माझ्या नातीची. सोही तिचं नाव."

ती बाकावर बसली. जरा वेळाने म्हणाली, "त्या दिवशीच ओळखलं होतं मी. ज्या पोरीला रविवारच्या शाळेत पाच वर्षं शिकवलं तिची पाठ मला कळणार नाही? आणि बाळ तर तुझ्या लेकीच्या पाठीवरून मान वळवून माझ्याकडेच बघत होतं. नाक तुझं आहे, बिचारीचं."

मी विचारलं, मग मला का विचारलंस?

"तू सांगशील म्हणून," ती म्हणाली. "तू नाही सांगितलंस. मग मीही सगळ्यांना सांगत सुटले, हे खोटं नाही. तुझ्या नवऱ्याला मतही दिलं नाही मी. दोराही ठेवला नाही. खोटं बोलून वाटलेल्या वडीवर दोरा कोण ठेवतो?"

मला तिचा राग यायला हवा होता. इतके दिवस मी जिच्या तोंडाला भ्यायले ती बाई शेजारी बसून पायाची टाच चोळत होती. बूट चावतो म्हणाली. म्हातारी झालीय गं ती. माझ्याएवढीच.

जाताना म्हणाली, ताटली माझ्याकडेच आहे, मूल घेऊन ये आणि घेऊन जा. मग चार पावलं गेली आणि मागे वळून म्हणाली, "सोही म्हणालीस ना?" मी हो म्हटलं.

येशील तेव्हा गावात सगळे दोरा घेऊन उभे नसतील, हे आधीच सांगते. ज्यांनी ताटल्या घासून पाठवल्या ते अजून तसेच आहेत. विहिरीवर मी गेले की गप्प होतात. तुला टोचून बोलतील, तिलाही शाळेत बोलतील. ते मला थांबवता येणार नाही. मी एवढंच करू शकते की कोणी विचारलं तर माझ्या तोंडून तेच उत्तर येईल, दर वेळी. याची भीती गेलीय असं नाही. आताही समोरून ओळखीचं कोणी आलं की उठून टपरीत शिरावंसं वाटतं. पण मी बसून राहते.

वळणावर बस दिसतेय. तेगूचीच आहे, पाटी वाचता येतेय. मिठाची पिशवी आजही बरोबर आहे, येता येता घेतली. जमीन आजही ओली आहे.

पिशवी मी खाली ठेवली आहे.